पांढऱ्या चादरींचं बंदर

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, वहिनींचा खोकला आणि तुम्हां दोघांचा माझ्यावरचा राग, तिन्ही आहेत तसेच असतील असं धरून चालतो. माझी प्रकृती उत्तम. अक्षर अनोळखी दिसलं म्हणून दचकू नकोस. दोरानं हात सोलून निघालाय, म्हणून मी सांगतोय आणि इथल्या लाँड्रीवाल्या बाई लिहून घेताहेत. (बाई, सांगेन तेवढंच लिहा, पदरची भर नको.)

निघताना काय ठरलं ते विसरलेलो नाही. चार दिवसांत मी एकटा सुखरूप परत आलो, तर बाबांची बोट विकायची गोष्ट तू पुन्हा काढायची नाहीस. नाही आलो, तर मी मुकाट्यानं बोटीची किल्ली तुझ्या हातात ठेवायची. आज सतरावा दिवस. पण उशीर होणं वेगळं आणि न येणं वेगळं, हे तुझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाला मी काय सांगायचं?

डोळ्यांचं म्हणशील, तर डॉक्टरांचं म्हणणं मी कधी खोडून काढलं नाही. मधलं दिसणार नाही, कडेकडेचं दिसत राहील. आता मला सांग, समुद्राच्या मध्ये असतं काय बघण्यासारखं? पहिला दिवस असा गेला की बाबा असते तर पाठ थोपटली असती (निदान शिवी तरी दिली नसती). दुसऱ्या दिवशी सकाळी डिझेल अर्ध्यावर आलं आणि मी या गावाकडे वळलो. गाव म्हणजे एक धक्का, एक चढाचा रस्ता, बारा खाटांचं इस्पितळ आणि आठवड्यातून एक बस. खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे. आत कसं शिरायचं ते बाबांनी आपल्याला शिकवलंय: टेकडीवरचे दोन चुना फासलेले दगड एकाखाली एक आले की बोटीचं नाक सरळ ठेवायचं. मला दोन पांढरे ठिपके दिसले (कडेनंच, पण दिसले). ते एकाखाली एक आणले, नाक सरळ ठेवलं आणि दिमाखात वाळूवर चढलो. खालचा ठिपका म्हणजे या बाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या इस्पितळाच्या चादरी. ऐन खाडीसमोर चादरी वाळत घालायच्या आणि खापर माझ्या डोळ्यांवर. बाई म्हणतात, दगड फडफडत नाहीत. असेल बुवा.

चढायच्या जरा आधी एक होडीवाला आडवा आला. माझ्याकडे बघून त्यानं आपणहून पाण्यात उडी मारली. उकाडा होता, माणसाला वाटतं पोहावंसं. मी सहा तास तिरक्या बोटीत बसून होतो. चहा ओतावा तर कपाऐवजी मांडीवर. भरतीनं सोडवलं. मग धक्क्याला लागलो, बोट बांधली आणि वर टपरीवर चहा प्यायला गेलो. परत येतो तो आपली बोट धक्का सोडून निघालेली. (मी जिला बांधली ती धक्क्याची खुंटी नव्हती, मासेमारीच्या लाँचची होती. लाँचची वेळ झाली, ती निघाली, आणि आपली बोट तिच्यामागून सासरी निघाल्यासारखी.) लाँचवाल्यांनी शिव्या घालत परत आणून दिली. गाठ मात्र सुटली नव्हती, दादा. बाबांची गाठ ती.

तेव्हापासून लाँड्रीच्या वरच्या खोलीत आहे. खाट आहे, खिडकी आहे, खालून भट्टीची वाफ येते आणि भिंतीला टेकलं की सदरा ओला होतो. बाईंच्या नवऱ्याचा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून चादरींच्या घड्या घालायला मी बसतो. टोकाला टोक जुळवायचं, त्याला डोळे लागत नाहीत. पुढच्या आठवड्यात निघतोच. किल्लीचं मनातसुद्धा आणू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. कधी सहज या बाजूला आलास तर डोकावून जा. मुद्दाम येऊ नकोस. बस शनिवारी असते.

ता. क. दादा, आपली ओळख नाही, पण हे मी, लाँड्रीवाली, माझ्या मनानं लिहितेय. तुमच्या भावाचा हात धडधाकट आहे. त्यांना कागद दिसत नाही. पाण्यात उडी मारली तो माझा नवरा. बोटीच्या धडकेनं होडीचे दोन तुकडे झाले आणि त्याचा हात दोन जागी मोडला. तुमच्या भावाला ते त्या दिवशी टपरीवर कळलं. त्यानंतर त्यांनी बोटीवर पाय ठेवलेला नाही. आम्ही त्यांना धरून ठेवलेलं नाही, जा म्हटलं तरी जात नाहीत. रोज सकाळी पहिला प्रश्न, प्लास्टर कधी निघणार. काल माझा नवराच वैतागून म्हणाला, अहो, हात माझा मोडलाय, झोपा जरा.

ता. क. हे वरचं मी त्यांना वाचून दाखवलं. चिडतील वाटलं होतं, चिडले नाहीत. पेन मागून घेतलं. खालचं त्यांच्या हातचं आहे. ओळी एकमेकींवर चढल्यात, सावकाश लावून वाचा.

दादा शनिवारी ये. किल्ली बाईंच्या बटणांच्या डब्यात आहे. मी मागितली तरी देऊ नकोस.