दोन होड्या, एक कच्चा लिंबू

तीर्थरूप दादांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (मान कालपासून अवघडली आहे, तेव्हा आठांतलं एक अंग वजा धरावं.) तुमचा रक्तदाब, वहिनींचे गुडघे आणि साहेबांचा आवाज हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे मी खुशाल आहे. इकडे म्हणजे कुठे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर मला आनंदच होईल, कारण काल संध्याकाळपासून तो कुणालाच पडलेला दिसत नाही. मी अजून बेटावरच आहे.

तलावातल्या विश्रामगृहात सहकुटुंब जमून घराच्या वाटणीचं गोडीगुलाबीनं मिटवावं, ही कल्पना तुमची. इथून कुणी दार आपटून निघून जाऊ शकणार नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. (दारं आपटलीच. बाहेर सगळं पाणी, म्हणून माणसं थोड्या वेळानं आत आली एवढंच.) परवा सकाळी तुम्ही, साहेब (म्हणजे आपला मधला, घरातसुद्धा त्याला साहेब म्हणायची पद्धत त्यानंच पाडली) आणि दोघी वहिनी कागद करायला पलीकडच्या गावी गेलात. रखवालदार होडी घेऊन तुमच्याबरोबर, आणि मुलांजवळ मी. माझ्या सहीची गरज नव्हती. धाकट्यानं आपला वाटा मागेच सोडला आहे, असं तुम्ही दोघांनी एकमतानं ठरवलं होतंत, आणि तुमचं एकमत झालेला तो एकच मुद्दा असल्यामुळे मीही त्यात मोडता घातला नाही. माझी तक्रार नाही. मी नाटकात प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून दुसऱ्यांना त्यांची वाक्यं पुरवायची, आणि आपला आवाज प्रेक्षकांपर्यंत गेला तर तो आपला गुन्हा. घरातही मला ही सवय फार उपयोगी पडत आली आहे.

दुपारपर्यंत येतो म्हणालात. दुपारी वारा सुटला, फोनला इथे रेंज नाही, आणि होडीचा पत्ता नाही. पहिले काही तास मुलं इतकी शहाण्यासारखी वागली की मी मनातल्या मनात तुम्हा सगळ्यांची माफी मागितली. तुमचा थोरला (कॅप्टन) पुढारी झाला, साहेबांच्या मुलीनं (तिला आम्ही मॅडम म्हणतो) कामं वाटून दिली, भांडी माझ्याकडे आली. पण अंधारायला लागलं, साहेबांचा धाकटा रडायला लागला, पाव पुरणार नाही हे दिसायला लागलं, आणि मग अडचणीच्या वेळी मोठी माणसं काय करतात हे जे मुलांनी पाहिलं होतं, तेच त्यांनी केलं. त्यांनी वाटणी केली. कपडे वाळत घालायची दोरी दिवाणखान्यात आडवी बांधली. स्वयंपाकघर तुमच्या मुलांकडे, संडास साहेबांच्या मुलांकडे. शेगडी एका पक्षाकडे, काडेपेटी दुसऱ्या पक्षाकडे. संडासाला एका खेपेला दोन बिस्किटं असा दर ठरला, आणि तुमच्या शेंडेफळाचं पोट नेमकं बिघडलेलं असल्यामुळे सकाळपर्यंत तुमच्या पक्षाचं बिस्किटांचं दिवाळं निघालं. माझं काय करायचं यावरही चर्चा झाली. कुणीच घेईना, तेव्हा जिन्यासारखं मला सामाईक ठेवलं.

भांडण कशावरून पेटलं हे विचारू नका, तुम्हाला पाठ आहे. तुमचा मधला, वय वर्षं आठ, अर्ध्या पावाकडे बोट दाखवून ओरडला की आजारपणात सगळं आम्हीच केलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात? (पाव शिळा होता, पण आजारी नव्हता.) त्यावर मॅडम म्हणाली, मला तोंड उघडायला लावू नका. दादा, माझा धंदाच असा की कोणतं वाक्य कुणाचं ते मी डोळे मिटून सांगतो. पहिलं थोरल्या वहिनींचं, दुसरं साहेबांचं, आणि वाक्याच्या शेवटी नाक ओढणंसुद्धा त्यांचंच. मुलांना एका शब्दाचंही प्रॉम्प्टिंग लागलं नाही. मग काडेपेटी तलावात गेली, अंडी भिंतीवर गेली, कॅप्टननं मॅडमची वेणी धरली आणि मॅडमनं त्याच्या दंडाला असा चावा घेतला की दातांचे ठसे अजून मोजता येतील. मला रडू आलं. भांडी घासताना थोडा रडलोही.

आता मुंगीबद्दल. आपली अक्का गेल्यापासून तिची ही पोर सहा महिने तुमच्याकडे आणि सहा महिने साहेबांकडे असते. तिची पिशवी कधीच पूर्ण रिकामी होत नाही, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? दोरी बांधली तेव्हा ती पिशवी घेऊन बरोबर मधोमध उभी होती, कोणत्या बाजूला जायचं ते कुणी सांगेल म्हणून. दोन्ही पुढाऱ्यांनी विचार केला आणि निकाल दिला, की मुंगी कच्चा लिंबू. तुम्हीही मला कच्चा लिंबूच खेळवत होतात, आठवतं? खेळात घ्यायचं, पण राज्य द्यायचं नाही आणि आउट झाला तरी मोजायचं नाही. मुंगीला तर आनंदच झाला. दोरीखालून कुठेही जायची तिला परवानगी मिळाली. दोन्हीकडचं पाणी भरायला, दोन्हीकडचे निरोप न्यायला ती पळत होती, आणि तिचं जेवण दुसऱ्यांकडे झालं असेल असं दोन्हीकडे धरून चाललं होतं. काल दुपारी ती मला पायरीवर कच्चा बटाटा कुरतडताना सापडली. भूक लागली तर सांगायचं नाही का, असं मी रागावलो, तर म्हणाली, "माझी तक्रार नाही, मामा." हेही वाक्य कुणाचं ते मी ओळखलं. ते माझं होतं.

तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा विंगेतून बाहेर आलो. आत गेलो, ती दोरी ओढून तोडली आणि मोठ्यानं ओरडलो. परिणाम चांगला झाला. दोन्ही पक्षांची तत्काळ एकी झाली आणि त्यांनी मला ढकलत नेऊन मोडक्या खाटांच्या खोलीत कोंडलं. (मान तिथली.) किल्ली कोणाकडे ठेवायची यावर पुन्हा जुंपणार होती, पण मुंगी कुणाचीच नाही म्हणून ती तिला दिली. एवढ्यात तुम्ही आलात. दोन होड्या करून आलात, कारण आता तुम्ही आणि साहेब एका होडीत बसायला तयार नव्हतात. मला झरोक्यातून सगळं ऐकू येत होतं. तुम्ही तुमची मुलं मोजलीत, साहेबांनी त्यांची मोजली, दोन्ही हिशेब बरोबर आले. वहिनींनी मुंगीचं विचारलं, तर कुणीतरी म्हणालं, त्यांच्या होडीत असेल. मी हाका मारल्या, पण माझा गळा हळू बोलण्यात तयार झालेला. सगळं शांत झाल्यावर दाराबाहेरून आवाज आला, "मामा, आता उघडू का? कॅप्टननं सांगितल्याशिवाय उघडायचं नाही असं ठरलंय." या बेटावर ठरलेला एक नियम एका माणसानं पाळला, आणि खेळ संपल्याचं त्याला कुणी सांगितलं नाही.

आज सकाळी रखवालदार झाडायला आला आणि आम्हाला बघून केवढ्यानं दचकला. त्याच्याकडून कळलं की वारा परवा संध्याकाळीच पडला होता. होडी तयार होती. पण तुमचं घराच्या पुढच्या खोलीवरून अडलं होतं म्हणे, आणि ते काल दुपारपर्यंत अडलेलं राहिलं. मुलांचं कुणी काही बोललं का, असं मी त्याला विचारलं. तो भला माणूस. भिंतीवरची अंडी खरवडायला लागला. आम्हाला न्यायला तो तयार होता, पण मी नको म्हटलं. त्यानं काडेपेटी दिली आहे, बटाटे आहेत, संडास फुकट आहे. हे पत्र तेवढं त्याच्या हाती देतो.

थोरांस नमस्कार, धाकट्यांस दोरीच्या दोन्ही बाजूंना आशीर्वाद.

तुमचा,
सामाईक भाऊ

ता. क. येताना मानेला लावायचं मलम आणावं.

दुसरा ता. क. कागदात मुंगीचे सहा-सहा महिने लिहिले असतील तर ते खोडा. ती माझ्याकडे राहील. खोली एकच आहे, पण तिची पिशवी पूर्ण रिकामी करता येईल एवढं कपाट आहे. या कागदाला माझी सही लागेल, आणि ती मी देईन. वाटणीतलं दुसरं काही नको.

तिसरा ता. क. (पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच.) काल होड्या गेल्यावर मुंगीनं विचारलं, आपण राहिलो हे त्यांना कळलं असेल का. मी म्हटलं, कळलं तर! दादामामा होडीत उभं राहून तुला हाका मारत होते, पण वारा उलटा होता. तिनं झाडांकडे बघितलं. पान हलत नव्हतं. तेव्हा न्यायला याल तर दोघं भाऊ एका होडीतून या, आणि उतरल्याबरोबर तुम्ही तिला म्हणा, "मुंगे, किती हाका मारल्या गं तुला!" तेवढं एकच वाक्य आहे, होडीत पाठ करून ठेवा. ऐन वेळी विसरलात तर घाबरू नका. मी शेजारीच उभा असेन.