आधी आंबट, मग गोड

तीर्थस्वरूप मामांना,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (तीर्थरूप आपल्या वडिलांना आणि तीर्थस्वरूप सासऱ्यांना, हे तूच मागे शिकवलं होतंस, तेव्हा निदान सुरुवात तरी बरोबर झाली. आता नीट ऐक. मामांचा एक डोळा पट्टीखाली आणि दुसऱ्याला वाचायची मनाई, म्हणजे हे पत्र तूच त्यांना वाचून दाखवणार. नियम साधा आहे. कंस आला की मनात वाचायचं, कंस संपला की मोठ्यानं. कंस लांबला तर खोकायचं किंवा पाणी प्यायचं. त्यांना संशय आलाच तर 'अक्षर लागत नाही' म्हण. माझ्या अक्षराबद्दल त्यांचं मत आधीच वाईट आहे, त्यात आणखी काय बिघडणार?)

आपली प्रकृती कशी आहे? पट्टी टोचते का? डोळ्यात थेंब वेळेवर पडतात ना? डॉक्टरांनी आपल्याला वाकू नका, जड उचलू नका आणि चिडू नका असं बजावल्याचं कळलं. पहिल्या दोन गोष्टी आपण कसोशीनं पाळत असाल याची खात्री आहे. इकडे सर्व क्षेम. दुकान वेळेवर उघडतं, वेळेवर बंद होतं, लिंबं ताजी आहेत, सरबताचे पेले चकचकीत आहेत. बर्फाचं मशीनही अगदी शांत आहे. (बंद आहे. म्हणून तर फोन सोडून पत्र लिहितोय. फोनवर मी नमस्कार म्हणायच्या आत ते मागचा आवाज ऐकतात आणि पंप घरघरतोय की पंखा घासतोय ते सांगून मोकळे होतात. परवापासून मागे आवाजच नाही, मग त्यांना ऐकवू काय? काल मी तोंडानं घरघर करून पाहिली. गिऱ्हाईक घाबरलं.)

पत्र आपल्याला आज संध्याकाळीच मिळेल. आपल्या दुकानाच्या वर ज्यांचा दवाखाना आहे त्या दातांच्या डॉक्टरीणबाई चार वाजता तिकडेच निघाल्या आहेत, त्यांच्या हाती देतो आहे. (त्यांना सगळं माहीत आहे. तोंड उघडणार नाही असं कबूल केलंय त्यांनी, पण ज्यांचा जन्म लोकांना 'तोंड उघडा' सांगण्यात गेला त्यांचा काय भरवसा? त्या बोलायला लागल्या की तू चहा पुढे कर.)

आपण निघताना किल्ली माझ्या हातात देऊन जे म्हणालात, ते मी विसरलेलो नाही. "जावईबापू, परत आलो की घरी नंतर जाईन, आधी मशीन बघीन. नीट असलं तर दुकान तुमचं. नसलं तर शटर खाली, आणि तुम्ही परत तुमच्या विम्याच्या टेबलाशी." मी हसून 'निश्चिंत जा' म्हणालो होतो. (तुला वाटतं मी तुझ्या शब्दाखातर या दुकानात उभा राहतो. मीही तसंच सांगत आलोय, कारण त्यात माझा भाव राहतो. पण खरं सांगू? अकरा वर्षं मी विम्याच्या खिडकीमागे बसलो. खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस काहीतरी मोडून, जाळून किंवा गमावून आलेला असायचा. इथे माणसं नुसती तहानलेली येतात. पेला रिकामा करतात, 'हाऽऽ' करतात आणि जातात. मला तो 'हाऽऽ' आवडतो गं. मला परत त्या टेबलाशी जायचं नाहीये.)

जरा थांबा, आत बघून येतो.

आलो. (मिस्त्री आत मशीन उघडून बसलाय. त्यानं मला 'साहेब, तुम्ही बाहेर बसा आणि कशालाही हात लावू नका' अशा शब्दांत गल्ल्यामागे बसवलंय. सकाळपासून मी सतरा वेळा उठलोय. पेले दोनदा पुसले, लिंबं आकारानं लावली, परत काढून रंगानं लावली. शेवटी कागद ओढला.)

पाण्याविषयी लिहितो. आपल्या भागातल्या पाण्याला आता काय म्हणावं! दोन दिवसांत किटली आतून चुना दिल्यासारखी होते, नळाच्या तोंडाला पांढऱ्या मिश्या फुटतात. बोअरचं पाणी बादलीत दिसतं निर्मळ, पण ते जिथं गोठतं तिथं आपला क्षार ठेवून जातं. मशीनच्या साच्यावर थर, पंपाच्या जाळीत थर, पाणी सोडणाऱ्या नळीच्या भोकांत थर. आपण हे सगळं मला समजावलं होतं आणि मी मान डोलावली होती. (मान डोलावताना मी गिऱ्हाइकाचे सुटे मोजत होतो. मामा तिकडे आले त्या आठवड्यातच सफाई करायची होती. बर्फाचे खडे रोज जरा बारीक होत होते, मधूनच पांढुरके, दाताखाली भुसभुशीत. खड्यांचा जो हप्ता साच्यातून दर अर्ध्या तासानं पडायचा त्याला तास लागायला लागला. मी म्हटलं, मशीनलाही मामांची आठवण येत असेल. मग परवाच्या दिवशी बर्फ साच्याला चिकटला तो सुटेचना, आणि मी बाह्या सरसावल्या.)

सफाई अर्थातच मामींच्या पट्टीप्रमाणे केली. मशीनच्या दाराच्या आत त्यांनी निळ्या रंगात स्वतःच्या हातानं लिहिलेली ती पत्र्याची पट्टी म्हणजे या दुकानाचा कायदा, असं आपण नेहमी सांगता. त्या गेल्यावर आपण मशीनचे किती भाग बदललेत, पण पट्टीला कुणाला हात लावू दिला नाहीत. 'आधी आंबट अर्धा तास. मग गोड्या पाण्याने तीनदा. पहिला बर्फ टाकून द्यावा.' अक्षरन् अक्षर पाळलं. (आता हा कंस मोठा आहे. एक पेला पाणी घेऊन ये आणि घोट घोट पी.

आंबट बरोबर जमलं. सायट्रिक अ‍ॅसिडची भुकटी कोमट पाण्यात विरघळवली, बर्फाची पेटी रिकामी केली, पाणी खालच्या हौदात ओतलं आणि नुसता पंप चालू ठेवला. साच्यावर फसफसायला लागलं, पांढरा थर पापुद्र्यांनी सुटायला लागला, आणि मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी मशीनचं दार उघडं ठेवलं, गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून. मग आली दुसरी ओळ. गोड्या पाण्याने तीनदा. मी विचार केला. आंबट झालंय, ते मोडायला गोड हवंच. दिवसभर आपण या दुकानात दुसरं करतो काय? मामी किती मुरलेल्या बाई, मशीनलाही सरबताच्याच हिशेबानं वागवायच्या, असं म्हणून मी मनातल्या मनात त्यांना नमस्कारसुद्धा केला. आणि दोन किलो साखर विरघळवून ते पाणी मशीनमधून फिरवलं. तीनदा.

हसू नकोस, ते विचारतील का हसतेस म्हणून.

ते साखरेचं पाणी आत ठेवूनच मशीन चालू केलं. पहिला बर्फ टाकून द्यावा ही तिसरी ओळ मला उधळपट्टी वाटली, कारण खडे चिकट होते खरे, पण दिसत होते छान. त्यातलीच एक पिशवी रोजच्यासारखी वर दवाखान्यात दिली. डॉक्टरीणबाईंनी एका गृहस्थांची दाढ काढली आणि गालावर धरायला फडक्यात बर्फ दिला. गृहस्थांनी तो गालावर धरायच्या ऐवजी तोंडात टाकला. आणि दुसरा मागितला. मग म्हणे तिसरा, दुसऱ्या बाजूची दाढसुद्धा काढता का, असं विचारून. बाई एक खडा चिमट्यात धरून खाली आल्या. "वीस वर्षं मी लोकांना गोड खाऊ नका सांगतेय," म्हणाल्या, "आणि तुम्ही माझ्याच दवाखान्यात गोळ्या पाठवताय?" मी चाखला. गोड होता. तेवढ्यात पंपानं एक उचकी दिली आणि तो बंद पडला. सकाळी दुकान उघडतो तो मुंग्या. उंबऱ्यापासून मशीनपर्यंत एका रांगेत, इतक्या शिस्तीत की आमच्या विम्याच्या कचेरीत मी तशी रांग कधी पाहिली नाही.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं हौदात बोट घातलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पट्टीकडे बोट दाखवलं. तो पट्टीशी वाकला. "साहेब, गोडं पाणी म्हणजे जे खारं नाही ते. साधं, क्षार नसलेलं. फिल्टरचं घ्या, पावसाचं घ्या. तुमच्याकडे विहीर नव्हती का कधी?" नव्हती. आमच्याकडे चौथ्या मजल्यावर नळ होता, आणि पाण्याचे प्रकार दोन, आलेलं आणि न आलेलं. गोडं पाणी हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मशीनच्या दारावर वाचला, त्याला मी काय करू? लाज वाटली ती अजून गेलेली नाही. संपला कंस, पेला ठेव.)

तर अशी सफाई उत्तम पार पडली. हवा बरी आहे. लिंबं ताजी आहेत, हे वर लिहिलं वाटतं.

आत कुठं काही आवाज आला का? बघतो.

(काही नाही, मिस्त्रीच्या हातून पाना पडला. पंप सुटा करून धुतलाय, नळीची भोकं एकेक करून मोकळी केलीत, आता परत आंबट फिरवतोय. त्यानंतर गोडं. त्यानं फिल्टरचं पाणी माझ्यासमोर आणून आधी मला चाखायला लावलं. अडीच वाजून गेलेत.)

आपण काळजी करू नये, थेंब वेळेवर घालावेत. ज्यांच्याकडे आपण उतरला आहात त्या थोरल्या ताईंना नमस्कार सांगावा. राग मानू नये. (हे शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचावं की नाही ते तू ठरव.)

आपला नम्र,
जावई

ता. क. (पत्र लिहिण्याचं खरं कारण एवढंच. पट्टी सोमवारी निघणार ना? त्यांना निदान त्यापुढच्या शुक्रवारपर्यंत तिकडेच धरून ठेव. डोळा लाल दिसतोय म्हण, ताईंना आग्रह करायला सांग, काहीही कर. सोमवारी ते थेट दुकानात आले आणि पंप परत अडला, तर मी संपलो.)

आणखी एक ता. क. वरचा ता. क. रद्द. चारला दहा मिनिटं आहेत, बाई वरून हाका मारताहेत, तरी हे लिहिल्याशिवाय पत्र देणार नाही. मिस्त्री आंबटात भिजवलेल्या फडक्यानं दाराची आतली बाजू पुसत होता. पट्टीच्या खालच्या भागावर क्षाराचा जाड थर होता, मला वाटायचं पट्टी तिथंच संपते. थर विरघळला आणि खालून चौथी ओळ निघाली. त्याच निळ्या रंगात, मामींच्याच अक्षरात.

'अहो, साखर नव्हे.'

मी ती चार वेळा वाचली. मग मिस्त्रीनं वाचली. मामा, आठवून बघा, मामी मला जावईबापू म्हणायच्या, मिस्त्रीला मिस्त्री म्हणायच्या, गिऱ्हाइकांना या बसा म्हणायच्या. 'अहो' म्हणून त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला हाक मारली.

तेव्हा आता कंस नकोत. (ए, पहिल्या पानापासून परत सुरू कर, आणि कंसांसकट सगळं मोठ्यानं वाच.) आणि मामा, हेही ऐकून ठेवा. मला हे दुकान हवंय. हिच्यासाठी नाही, माझ्यासाठी हवंय. आत्ता लिहिता लिहिता आत पहिला हप्ता धाडकन पडला आहे, काचेसारखा स्वच्छ, आणि मी तो पट्टीत लिहिल्याप्रमाणे सगळाच्या सगळा मोरीत ओतला आहे. सोमवारी डोळ्यावरची पट्टी निघाली की सरळ इकडे या. आधी दारावरची पट्टी वाचा, मग मशीन बघा, आणि मग शटरचं काय ते ठरवा. फक्त येताना एक आठवून या. मी दोन किलो घातली होती. आपण किती?