मधल्या खोल्या

३० सप्टेंबर १९६२, रविवार

आलो बुवा एकदाचे नागपूरला! यवतमाळहून निघताना आईनं डोळ्यांना पदर लावला, पण मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचं, सक्करदऱ्याला दोन खोल्यांत राहायचं, आणि घर म्हणाल तर पक्कं, विटांचं, अंगणात निंबाचं झाड. लतिकानं आल्या आल्या शेगडीची जागा ठरवली आणि सहावा महिना विसरून स्टुलावर चढली. मी ओरडलो, तर म्हणते, तुम्ही तुमचा ट्रान्झिस्टर सांभाळा.

घर दोघा भावांचं. डावीकडे थोरले चंपतराव, उजवीकडे धाकटे रुपराव. दोघंही सुरुंग लावून विहिरी खोदण्याचे ठेके घेतात. पूर्वी धंदा एकत्र होता, आता कित्येक वर्षं एकमेकांशी चकार शब्द नाही. मधल्या खोल्या कोणाच्या, यावर कोर्टात दावा चालू आहे. तो निकालात निघेपर्यंत त्या आमच्या. दोघंही अगत्यशील. चंपतरावांच्या सुभद्राबाईंनी झुणका-भाकर पाठवली, ते पाहून रुपरावांच्या मनकर्णाबाईंनी पुरणपोळ्या पाठवल्या. भांडणाचा असा फायदा होत असेल तर भांडा बाबांनो खुशाल!

९ ऑक्टोबर

काल दसऱ्याचं सोनं दोन्ही घरी मीच वाटलं. दोन्हीकडचे निरोपही मीच नेतो, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा येते. चंपतराव सांगतात की त्याले म्हणा, कुंपण सरकवलं तं तंगडं तोडून हातात देईन. मी रुपरावांना सांगतो की दादांना कुंपणाची जरा काळजी वाटून राहिली आहे. रुपरावांची शिवी मी इकडे नमस्कार म्हणून पोचवतो. लतिका म्हणते, तुम्हाला वकीलच करायला हवं होतं.

आज संध्याकाळी चंपतराव पेपर घेऊन ओसरीवर बसले. अमेरिका आणि रशियाजवळ एवढे बॉम्ब हायेत तं फोडत काहून नाहीत, असं त्यांनी विचारलं. झालं, मी खुललो. एकानं टाकला तर दुसराही टाकणार, दोघंही राख होणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक; म्हणून कोणी टाकत नाही, आणि जग या भीतीवरच उभं आहे, असं सगळं समजावलं. माझ्या वर्गात एक कार्टं असं कान देऊन ऐकत नाही. शेवटी त्यांनी विचारलं की दुसऱ्याले मालूमच नसलं तं? मी म्हटलं, मग उपयोग शून्य. आपल्याजवळ आहे हे त्याला दिसलंच पाहिजे.

१७ ऑक्टोबर

चंपतरावांनी कामावरच्या लाकडी पेट्या घरी आणल्या. आमच्या भिंतीला लागून ओळीनं मांडल्या आणि झाकणं काढून ठेवली. आत जिलेटिनच्या कांड्या. विहिरीच्या खडकाला लावतात त्या. मी हादरलोच. ते मात्र खुशीत होते. तुमीच तं सांगतलं सर, दिसलं पायजे म्हणून. आता तो जलमात आपल्या वाटेले जाणार नाही. आणि वरून मलाच सांगतात, जा, त्याले सांगून या.

मी सांगितलं. म्हणजे आपलं नेहमीसारखं, तूप लावून. दादांनी थोडं सामान आणलंय, म्हटलं, तुम्ही मनावर घेऊ नका.

२० ऑक्टोबर

चीननं सरहद्दीवर हल्ला केला. कॉलेजात जवानांसाठी वर्गणी गोळा झाली, भाषणं झाली, मीही एक ठोकलं.

घरी आलो तर रुपरावांच्या खोलीत, आमच्या दुसऱ्या भिंतीला, तशाच पेट्या. चंपतरावांच्या दुप्पट. मनकर्णाबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या आणि तोंड वर करून पाहत नव्हत्या. रुपरावांचा निरोप असा की एक पाऊल टाकलं तं सगळं घर उडवून देईन, मी मेलो तरी चालते. मी चंपतरावांना एवढंच म्हटलं, रुपरावही सावध आहेत.

चंपतराव हसले. निस्ता सावध? म्हणजे भेला नाही. उद्या अजून आणतो.

काय म्हणावं माझ्या अकलेला! धमकी सौम्य केली म्हणून पेट्या वाढल्या.

२३ ऑक्टोबर

रेडिओवर सकाळी ऐकलं. रशियानं क्यूबात अण्वस्त्रं नेऊन ठेवली आहेत. अमेरिका समुद्रात जहाजं आडवी घालते आहे आणि रशियाची जहाजं येतच आहेत. वर्गात पोरं घाबरली होती. मी म्हटलं, घाबरू नका रे, दोन्हीकडे शहाणी माणसं बसली आहेत.

शहाणी! घरी येऊन पाहतो तर दोन्ही भिंतींच्या तळाशी भोकं पाडून सुरुंगाच्या वाती पेट्यांत नेल्या आहेत. एक चंपतरावांच्या ओसरीपर्यंत, एक रुपरावांच्या. मी रुपरावांच्या पाया पडलो. त्यांनी मला उठवून चहा दिला. खिडकीतून थेट ओरडून त्यांनी दादाला विचारलं होतं म्हणे, आणि माझे सगळे तूप लावलेले निरोप उघडे पडले. आता तुमच्या शब्दावर इस्वास नाही सर, म्हणाले. आता निस्ती वात.

पोलिसांत जातो म्हटलं. त्यावर ते शांतपणे बोलले. पोलीस पहिले ज्याच्या घरात घुसतीन, त्याच्या कांड्या जातीन. दुसऱ्याच्या तं राहतीन ना? मंग तो थांबते काहून? जीप दिसली की मी लावतो. दादाही लावते.

आणि हे खरं आहे. मीच शिकवलेलं आहे.

२५ ऑक्टोबर

लतिकाला आज सगळं सांगितलं. तिनं एकदाच विचारलं, हे तुम्ही त्यांना समजावलंत? मग ट्रंक भरायला घेतली. तेव्हा मला माझी इतकी चीड आली की डोकं भिंतीवर आपटावं वाटलं. पण भिंतीवर आपटायचीसुद्धा सोय नाही.

टांगा आणला. फाटकाशी दोघं भाऊ येऊन उभे राहिले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेजारी शेजारी. दोघांचं म्हणणं एकच. बाई मधात हाय तोवर कोणी वात लावत नाही, गर्भारशी बाईची हत्या कोणाले पायजे? बाई गेली की समजायचं, समोरच्यानं तिले हटवलं. मंग आपणच पहिले लावलेली बरी. भाडं कमी काहून ठेवलं वाटते तुमाले, असंही चंपतराव म्हणाले. आमच्या आधी इथं एक म्हातारं जोडपं होतं. तेही असंच मधात ठेवलेलं, पण तेव्हा लाठ्याच होत्या. कांड्या माझ्यामुळे आल्या.

रुपरावांनी ट्रंक उचलून आत आणून ठेवली. बाईले तरास नको, म्हणाले.

२६ ऑक्टोबर

सुभद्राबाई पोरांना घेऊन दिवाळीला मौद्याला माहेरी निघाल्या. दरवर्षी जातात. रुपरावांनी गाठोडं पाहिलं आणि आगपेटी घेऊन ओसरीवर बसले. पोरं काहून जाऊन राहिली, तो लावणारच हाय, एवढंच पुटपुटत होते. सुभद्राबाई फाटकातून परत फिरल्या. पोरगी रडत होती, मामाकडे जायचं म्हणून.

इथून कोणी सुरक्षित जागी जाऊच शकत नाही. जाणं हाच हल्ला.

२७ ऑक्टोबर

नरक चतुर्दशी. पहाटेपासून आळीत फटाके. प्रत्येक आवाजाला दोन्ही ओसऱ्यांवर माणसं उठून उभी राहतात. लतिका पोटावर हात ठेवून बसली आहे. बाळ फार हलतंय म्हणाली.

रेडिओ म्हणतो, अमेरिका क्यूबावर हल्ल्याच्या तयारीत आहे. मोठमोठ्या टेबलांभोवती बसलेले ते लोक, चष्मे लावून, नकाशे पसरून— आणि त्यांच्या मधात आम्ही सगळे. आम्हाला कोणी विचारलं? मला पगार देऊन तेच शिकवायला बसवलंय की हा समतोल आहे. थू!

जेवण गेलं नाही.

२८ ऑक्टोबर, संध्याकाळ

सुटलो! वाटलं, सुटलो. आताच्या बातम्या— रशिया क्यूबातून अस्त्रं परत नेणार. युद्ध टळलं. मी वेड्यासारखा अंगणात धावलो. दोन्ही दारांत पणत्या होत्या, दोघंही भाऊ बाहेर आले. सांगितलं, ऐका, ते एवढे मोठे देश, त्यांनी मिटवलं, तुम्हीही पेट्या काढा. मनकर्णाबाई देवाला हात जोडून रडल्या. सुभद्राबाईही. क्षणभर वाटलं, होणार.

चंपतरावांनी विचारलं, माघार कोणी घेतली?

गप्प बसायचं होतं. नाही बसलो. मास्तर ना मी! म्हटलं, रशियानं.

चंपतराव रुपरावांकडे पाहून हसले. म्हणजे रशिया भेला म्हणा की. मंग काढ बाप्पा तुह्या पेट्या पहिले.

रुपराव वळले. आत गेले. कडी लावली.

—

दार ठोठावलं. उघडत नाहीत. चंपतराव म्हणतात, त्यानं पहिले काढाव्या, मी रशिया नाही. बाहेर निघू म्हटलं तर ते फाटकात उभे. आगपेटी हातात.

लतिका पूजा मांडते आहे. तिला म्हटलं, चल, मागच्या भिंतीवरून— तिला चढता येणार नाही. ती म्हणाली, इथंच बसा माझ्याजवळ.

दारूचा वास येतो आहे. ती म्हणते, फटाक्यांचा. आळीभर तोच वास आहे, खरं आहे.

उठून खिडकी लावली. फटाक्यांचा असता तर कमी झाला असता.

वाढला.

उजव्या भिंतीकडून, रुपरावांची वात— चंपतरावांनाही वास आला असणार, ते ओरडले, फाटकातून पळत त्यांच्या ओसरीकडे, आपली वात लावायला— फाटक मोकळं आहे— लतिका, ऊठ, ऊठ, पणती राहू दे, ऊ