सत्तावीस, हजर!

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय सत्तावीस,

पाकिटावरचं गोल गोल अक्षर बघूनच कोणाचं पत्र ते ओळखलं असशील. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून घोटून घेतलेलं अक्षर आहे, ते काही म्हातारं होत नाही. तुझा पत्ता आपल्या वर्गातल्या मिशीकडून घेतला. "अगं, फोन नंबरच घे ना," म्हणाला. मी म्हटलं, नको, पत्ताच दे. फोन तू ठेवून देऊ शकतेस. पत्र निदान फाडायच्या आधी वाचावं लागतं.

मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करते. मुलगा लांब नोकरीला असतो. सून गोड आहे, माझ्याशी मुलापेक्षा जास्त बोलते. नातीचे पुढचे दात पडलेत आणि ते खिंडार ती मला रोज फोनवर दाखवते. तुझी मुलगी डॉक्टर झाली, तू नोकरीतून निवृत्त झालीस, हे सगळं कानावर येतं. तुझे यजमान गेल्याचंही कळलं होतं. तेव्हा फार वाटलं की यावं.

आपल्या फार्मसीच्या वर्गाचं संमेलन गेल्या महिन्यात झालं. तू येणार नाहीस हे माहीत होतं, तरी दाराकडे लक्ष होतं माझं. सगळे पांढरे, नाहीतर रंगवलेले. मिशीची मिशीच गेली आहे, त्यामुळे तो आधी ओळखूच आला नाही. औषधांच्या बाटल्यांचा कारखाना आहे आता त्याचा, आणि पोटही त्याच प्रमाणात. खडू आठवते ना, वाऱ्याने उडेल अशी? ती आता तीन दुकानांची मालकीण आहे. मला मिठीत घेऊन म्हणाली, "बघ, आता मला उडवायला वादळ लागेल." निम्म्या गप्पा साखर आणि रक्तदाबाच्या. आयुष्यभर लोकांना गोळ्या दिल्या आणि आता सगळे आपापल्या डब्या काढून बसले होते. खडू म्हणाली, "चला, जर्नल तपासायला ठेवा."

मग मिशीने हजेरी घ्यायचं काढलं. तेच, सरांसारखं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि मान खाली. पंचवीस, हजर. सव्वीस, हजर. सत्तावीस...

आणि माझ्या शेजारी बसलेल्या एकोणतीसने मान खाली घातली, तोंडावर हात धरला आणि बारीक आवाजात म्हणाला, "हजर, सर!"

काय हशा झाला सांगू! खडूच्या डोळ्यांतून पाणी आलं. तू सकाळच्या शिकवण्या करून धापा टाकत यायचीस, तोपर्यंत तुझी हजेरी लागलेली असायची. सरांना वाटायचं, वर्गात सगळ्यात वक्तशीर मुलगी सत्तावीस. एकदा तर तू दारात उभी होतीस आणि तो आत "हजर" म्हणाला. सरांनी वर पाहिलं आणि तुलाच विचारलं, "तू कोण?"

(त्याला मी लोकांसमोर 'हे' म्हणते. तुला लिहिताना 'हे' लिहायला गेले आणि हसू आलं. प्रयोगशाळेतल्या एका बाकावर, एका तराजूवर, तिघांनी भांडत वजनं केलेली. तुझ्यापुढे तो 'तो'च.)

तर संमेलन छान झालं. केक होता, फोटो झाले. तुला मिशीने पाठवले असतील. त्यात तो माझा हात धरून बसलेला दिसेल. सगळ्यांनी त्यावरून चिडवलं, "या वयात काय हे!" मीही लाजल्यासारखं केलं.

आता इथवर आलेच आहे, तर पुढचंही लिहिते. मघाशी हजेरीचं अर्धंच सांगितलं.

सत्तावीसनंतर मी, अठ्ठावीस, हजर. मग मिशीने एकोणतीस पुकारला. काही नाही. पुन्हा पुकारला. तो शांतपणे टेबलक्लॉथच्या कडेची शिवण बोटाने चाचपत होता. मिशी म्हणाला, "अरे, बायको शेजारी असून गैरहजर?" पुन्हा हशा झाला. तेव्हा मी घसा खाकरून, शक्य तेवढ्या जाड आवाजात म्हटलं, "हजर, सर." लोकांना वाटलं, आम्ही नवराबायकोंनी ठरवून बसवलेला विनोद आहे.

त्याला तुझा नंबर आठवतो. स्वतःचा नाही.

दीडेक वर्ष झालं असेल. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते तुला लिहायची गरज नाही, त्याच्या गोळ्या आपणच विकत आलो. नवीन आठवणी आधी जातात, जुन्या मागून. त्याचं तसंच चाललंय. नात गेली, म्हणजे त्याच्यापुरती. सून गेली. मुलगा कधी असतो, कधी नसतो. मी असते, पण मी कोण ते रोज थोडं बदलतं. परवा मला म्हणाला, "बाई, तुम्ही फार काळजीपूर्वक काम करता. आधी कुठे होतात?" मी म्हटलं, "इथेच होते."

खूप रडले नाही. स्वयंपाक करायचा होता.

खरी अडचण आमच्या औषधांच्या दुकानाची आहे. दुकान अजून उघडं आहे. सकाळी अंघोळ करून किल्ली खिशात टाकली की त्याला अडवणं कोणाच्या बापाला जमत नाही. मुलगा फोनवर सांगतो, "आई, शटर पाड आणि विकून टाक." त्याला काय जातं! एकदा मी किल्ली लपवली, तर हा बंद शटरसमोर पायरीवर दुपारपर्यंत उन्हात बसून राहिला. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत होता, "माफ करा, आमची किल्ली हरवली आहे." त्यानंतर लपवली नाही. मीही रोज जाते. तो गिऱ्हाइकाला औषध काढून देतो, मी त्याच्या हातातून घेते, चिठ्ठीशी ताडते, चूक असेल तर गपचूप बदलते. म्हणजे बघ, आता दिवसभर मी त्याची प्रॉक्सी देते.

तरी चाललं होतं. मागच्या आठवड्यापर्यंत.

तुला तो महिनाअखेरचा त्याचा नेम माहीत नसेल. तू येऊन गेल्यानंतरच तो सुरू झाला. तो प्रसंग काढायचा नाही असं ठरवून बसले होते, पण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. तू औषध निरीक्षक म्हणून आमच्या दारात उभी राहिलीस, तो खुर्चीतून उठून म्हणाला, "काय गं सत्तावीस, वाट चुकलीस? चहा घेणार?" आणि तू म्हणालीस, "आधी ते मागचं कपाट उघडा." मुदत संपलेली औषधं निघाली, विकायच्या मालात मिसळलेली. तू लिहिलंस, सील लावलंस, पंधरवडा दुकान बंद राहिलं. नियमाने झालं. बंद दुकान तो विसरलाही असता गं. वर्गातल्या मुलीने 'उघडा' म्हटलं, ते नाही विसरला. तुझं नाव घरात निघायचं बंद झालं ते तेव्हापासून.

पण दुकान उघडल्यावर त्या महिन्याच्या शेवटी त्याने प्रत्येक फळीवरची प्रत्येक बाटली आणि स्ट्रिप खाली काढली. मुदत बघितली, पुसून परत ठेवली. पुढच्या महिन्यात पुन्हा. इतकी वर्षं एक महिना चुकला नाही. कोणासाठी करतोस, असं मी कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. तुझं नाव न घेता तुझं म्हणणं त्याने असं मान्य केलं होतं.

तो नेम अजून चालू आहे. या महिनाअखेरीही त्याने सगळं खाली काढलं. मी मुदत संपलेला माल परत पाठवायच्या खोक्यात भरून ठेवला होता. थोडा वेळ घरात गेले, येऊन बघते तर खोकं रिकामं आणि सगळा माल फळीवर ओळीने लावलेला. म्हटलं, अरे हे काय केलंस? तर मुलांच्या खोकल्याच्या औषधाची बाटली उचलून मला दाखवली. मुदतीची तारीख वाचली, अगदी बरोबर. मग बोटांवर वर्षं मोजली आणि म्हणाला, "बाई, हिला तर अजून पुष्कळ वर्षं आहेत. चांगला माल फेकायचा नसतो."

वजाबाकी चोख होती. कुठल्या सालातून करायची, तेवढं चुकलं होतं. तो अजून आपल्या कॉलेजच्या सालात उभा आहे ना! तिथून पाहिलं तर जगात कुठलंच औषध जुनं नाही.

आणि त्यातली एक बाटली गेली होती. एक बाई खोकणाऱ्या लहान मुलीला कडेवर घेऊन आली होती आणि बस थांब्याकडे गेली, असं शेजारच्या दुकानदाराने सांगितलं. मी चप्पल न घालता धावले. गुडघे कुठले आणि काय कुठलं! त्या बाईला बस थांब्यावर गाठलं, बाटली हातातून अक्षरशः हिसकावली, नवी दिली. ती मला वेडी समजली. समजू दे. ती मुलगी माझ्याकडे बघून हसली, तिचेही पुढचे दात पडले होते. मी तिथेच फुटपाथवर बसले.

परत आले आणि त्याला समोर बसवून सांगितलं, हे दुकान बंद करायचं. तो रागावलासुद्धा नाही. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "असं आपल्या मनाने बंद करता येत नाही, बाई. त्याचे नियम असतात. सत्तावीसला विचारू. तिला सगळे कायदे पाठ आहेत. ती बंद म्हणाली की बंद."

त्याच रात्री मिशीला फोन करून तुझा पत्ता मागितला.

भांडण गेलं, सत्तावीस. सील, कपाट, चहा, सगळं गेलं. संमेलनाहून घरी येताना गाडीत मला विचारत होता, "सत्तावीस आजही उशिरा आली का? तिला सांगा, मी सांभाळून घेतलंय." आता ते भांडण लक्षात ठेवणाऱ्या आपण दोघीच उरलो आहोत.

शाळेत सिस्टर सांगायच्या, मागणं पत्राच्या सुरुवातीला लिहावं, शेवटी लिहिणं लबाडी असते. मला सुरुवातीला धीर झाला नाही.

ये. तुझी जुनी कातडी बॅग असेल तर घेऊन ये, नसेल तर कुठलीही आण. दुकानात ये, कपाटं उघडायला लाव, चष्मा लावून एकेक बाटली बघ. तो शेजारी उभा राहील, फळीवरचं सगळं अभिमानाने दाखवेल. दाखवू दे. मग त्याला सांग की दुकान बंद करायचं. तुझ्याकडे आता अधिकार नाही हे मला माहीत आहे. त्याला कुठे माहीत आहे? त्याला पटेल. शटर त्यालाच ओढू दे, कुलूप त्यालाच लावू दे. किल्ली तेवढी तू मागून घे. मला तो देणार नाही.

आणि आधी चहा घे. या वेळी तो विचारेलच, तेव्हा हो म्हण.

तू यायच्या आत ते सालही त्याच्या हातून निसटू नये, एवढीच धाकधूक आहे. तोवर दर सकाळी दुकान उघडताना मी तुझा नंबर हळूच पुकारते. तो आतून "हजर" म्हणाला की मला वाटतं, आज अजून वेळ गेलेली नाही.

आज म्हणाला.

तुझी,
अठ्ठावीस

आणि एकोणतीस. त्याची सही मीच केली आहे, समजून घे.