अकराव्या मजल्यावरची टोपी

प्रिय टकल्यास,

सप्रेम नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण खाली गेलेल्या मला वर उचलायला घरात दोघं लागतात आणि ही एकटीच आहे.) आमच्याकडे सगळं ठीक म्हणण्याइतपत ठीक आहे. तुझे कान कसे आहेत ते विचारत नाही. फोनवर तू नुसता हॅलो हॅलो करत बसतोस, मी घसा फोडून ओरडतो, आणि माझ्या तब्येतीची बातमी तुला सोडून अख्ख्या इमारतीला कळते. म्हणून हे पत्र. तू शेजारी होतास तेव्हा भिंतीवर टकटक केली की भागायचं. आता भिंतीपलीकडे एक तरुण जोडपं आलंय. परवा सवयीने टकटक केली, तर बिचाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. भली माणसं आहेत, पण आपल्याला काय उपयोग!

तर बातमी अशी की मी कॅमेरा घेतला. लांबचं जवळ आणणारा. कशाला, असं हिनेही विचारलं. मी म्हटलं, पक्षी बघायला. (कावळा आणि कबुतर यांपलीकडे मला पक्षी ओळखता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, पण ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं फार महागात पडतं.) दुकानदार म्हणाला, डॉक्टर, यातून चंद्रावरचे खड्डेसुद्धा दिसतात. आता दातांच्या डॉक्टरला खड्ड्यांचं आमिष दाखवल्यावर तो काय करणार? जन्मभर लोकांच्या तोंडात वीतभर अंतरावरून डोकावलो, म्हटलं आता जरा लांबचं बघू. वस्तू झकास आहे, खोटं का बोलू. बटण दाबलं की कासवाने मान काढावी तशी नळी पुढे येते, आणि येतच राहते. पण ती पुरती बाहेर आली की समोरच्या वस्तूबरोबर आपल्या हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. शिवाय संध्याकाळ झाली की फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो, आणि बॅटरी नेमकी हवी तेव्हा मान टाकते. चंद्राचं म्हणशील, तर तो दिसायला गरीब, पण खुर्चीतल्या पेशंटसारखा ऐनवेळी हलतो. खड्डे राहिले, माझी मान मात्र आखडली.

शेवटी दवाखान्यातली खुर्चीच कामाला आली. दवाखाना बंद केला तेव्हा टाकून द्यायला जीव होईना, म्हणून ती गॅलरीत ठेवली होती. (हिचे ओले टॉवेल तिच्यावर असतात. ते काढले म्हणून दोन दिवस अबोला.) अवजारांचा ट्रे ज्या दांड्यावर असतो, त्याला कॅमेरा बांधला. मी मागे रेललो, पायाने पेडल मारलं की खुर्ची वर, सोडलं की खाली. जग एकदम स्थिर! पहिल्याच सकाळी समोरच्या इमारतीचा रखवालदार जांभई देताना सापडला. खालची डावीकडची शेवटची दाढ, पार पोखरलेली. मला कुठलं राहवतंय! दूधवाल्याकडून निरोप धाडला की दाढ लवकर दाखवून घ्या. उपकार राहिले बाजूला, आता तो माझ्या गॅलरीकडे नजर गेली की तोंडावर रुमाल धरतो आणि समोर सगळ्यांनी जाड पडदे लावलेत. तूच सांग, उभ्या आयुष्यात मी कुणाच्या दातांशिवाय दुसरं काही बघितलंय का?

मग मी कॅमेरा सरळ नदीपलीकडे वळवला. तू लेकीकडे राहायला जाताना म्हणाला होतास, अकरावा मजला, नदीकडची गॅलरी. (गुडघ्यांमुळे मला चार जिने उतरवत नाहीत, आणि तुझी लेक तुला एकट्याला दाराबाहेर सोडत नाही. झालं, बसा आपापल्या गॅलरीत!) तिथे तीन इमारती अगदी एकसारख्या. मधली धरली, मजले मोजले, आणि काय सांगू तुला, दिसलास! खुर्चीत बसलेला, डोक्यावर टोपी, हातात कप. चेहरा पुसट होता, पण बसायची ती ढब, आधी पोट आणि मागाहून माणूस, दुसऱ्या कुणाची असणार? माझे डोळे भरून आले. मी हात हलवला. तू ढिम्म. बस चालवायचास तेव्हा गाडी भरलेली असली की स्टॉपवरच्या माणसांकडे न बघता निघून जायचास, तस्साच. असा राग आला म्हणून सांगू! पण दोन-तीन सकाळी नेटाने हात केला, आणि एक दिवस तूही केलास. दोन्ही हात! तेव्हापासून तू कप उचललास की मीही उचलतो. पूर्वी आपण कठड्याला टेकून चहा प्यायचो, तासभर कुणी चकार शब्द काढायचा नाही, आणि कप विसळताना वाटायचं, आज किती बोललो! तसंच वाटतं बघ. घरात माणसांची ये-जा आहे, पण तुझ्यासारखं गप्प बसता कुणालाच येत नाही. मला तुझी फार आठवण येते रे.

असो. लेकीला आशीर्वाद. कॅमेऱ्याबद्दल कुणी विचारलं तर घ्यायला हरकत नाही म्हणून सांग.

तुझा,
दातपाड्या

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात हिने कालचा फोटो बघितला. वाऱ्याने टोपी उडाली तेव्हाचा. म्हणाली, भावजींना केस कधीपासून आले? मोठा करून पाहिला. दाट, काळेभोर, भांग पाडलेले. (कलप म्हणावा, तर कलपालासुद्धा खाली काहीतरी लागतं.) आणि तो हात करत नव्हता, कबुतरं हाकलत होता. इतक्या लांबून मी त्याला दिसणार तरी कसा? कॅमेरा माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. हे एवढं डोक्यात यायला मला हिची गरज लागली. ती हसली नाही. चहा पुन्हा गरम करून दिला.

ता. क. २. त्या गृहस्थाला मी अजूनही रोज कप दाखवतो. एकदम तोडून टाकणं बरं दिसत नाही.

ता. क. ३. आता खरं काम. बसमध्ये तुझ्या सीटच्या पाठीला असायचा तो तांबडा टॉवेल लेकीने टाकून दिला नसेल, तर गॅलरीच्या कठड्याला बांध. तिन्ही इमारती शोधून काढीन. आणि सकाळी चहाच्या वेळी नदीकडे तोंड करून एकदा हात वर कर. मी तुला दिसणार नाही, नुसत्या भिंती दिसतील. लेक विचारील, बाबा, कुणाला हात करताय? कबुतरं हाकलतोय म्हणून सांग. आयुष्यभर लोकांनी हात दाखवला आणि तू गाडी थांबवलीस. आता एकदा तू दाखव. मी इकडून बघतोय.