साहेबांच्या नावाच्या दोन ओळी

भंडारा, १९८८. दसऱ्यानंतरचा मंगळवार.

आज केलं. वाईट वाटतंय का? नाही वाटत.

दसऱ्याला ऑफिसातल्या कॉम्प्युटरची पूजा होती. मी धानाच्या याद्या टाइप करत होते. "सेव्ह करू द्या," म्हणेपर्यंत साहेबांनी कुंकवाच्या बोटानं भिंतीवरचं बटनच बंद केलं. सकाळपासूनचं काम गेलं. वर सगळ्या स्टाफसमोर मलाच म्हणाले, "बाईमाणसाचा हात लागला का मशीन बिघडतेच." सगळे हसले. ते कुंकू अजून बटनावर आहे. कोणाला पुसू देत नाही मी.

काल मी प्रोग्राममध्ये दोन ओळी घातल्या. सुरू होताना प्रोग्राम नाव विचारतो; तिथं साहेबांचं नाव टाइप झालं, की प्रोग्राम सिस्टीमलाच सांगणार, बंद होऊन पुन्हा सुरू हो. एकही यादी जाणार नाही, एवढं मात्र पाहिलं. मी काही साहेब नाही.

आज नागपूरचे मोठे साहेब कॉम्प्युटर पाहायला आले. आमच्या साहेबांनी ऐटीत स्वतःचं नाव टाइप केलं. पडदा काळा झाला आणि मशीन पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा नाव, पुन्हा काळा पडदा. चौथ्या वेळी त्यांना घाम फुटला.

"बाई, काहून बंद पडून राहिली ही मशीन?"

मी बसले, माझं नाव टाइप केलं. याद्या समोर आल्या.

"गडीमाणसाचा हात लागला असंल, साहेब."

मोठे साहेब तेवढे हसले.

निघताना वाटलं, कुंकू पुसावं आता. नाही पुसलं. त्या दोन ओळीही नाही.