शून्य अपघातांचं रजिस्टर

सौ. ताईस,

एका हाताने केलेला नमस्कार गोड मानून घे. दुसरा सध्या कामात आहे. तुझे गुडघे जिना चढू देतात का, आणि सिगारेटीने खोकला बरा होतो हा भाऊजींचा प्रयोग अजून चालू आहे का, ते सविस्तर कळव. मी ठणठणीत आहे. माझी काळजी करत गाडीत बसून इकडे येण्याची काही एक गरज नाही.

तुझं पत्र पोचलं. निवृत्तीला आठ महिने राहिले आहेत, मॅनेजरच्या नादी लागू नकोस, तो सांगेल तिथे सही करून मोकळी हो, असा सल्ला तू दिला आहेस. वाचला, घडी घातली, पिठाच्या डब्याखाली ठेवला. आता मी काय केलं ते ऐक.

आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याला सुरक्षिततेचं प्रमाणपत्र हवं आहे. म्हणजे आम्ही कामगारांना रीतसर सांभाळतो, असं बाहेरच्या तपासनिसाने येऊन, बघून, कागदावर लिहून द्यायचं. मोठी गिऱ्हाइकं हल्ली तो कागद पाहिल्याशिवाय खोकी घेत नाहीत. त्यासाठी मॅनेजरने एक सल्लागार आणला. (गळ्यात टाय. चालू मशीनजवळ टाय लोंबती ठेवू नये, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून माझ्याशी बोलताना तो टाय मुठीत धरतो.) त्याने भिंतींसाठी सव्वीस पाट्या करून घेतल्या. आग लागल्यास कुठे पळावं हे दाखवणारा बाण थेट रद्दीच्या खोलीकडे निघाला होता, तो मी उलटा करवला. मग चालण्याच्या वाटेसाठी जमिनीवर पिवळे पट्टे ओढले. रंग ओला आहे, पाय ठेवू नका, असं मॅनेजरने सगळ्यांना बजावलं आणि वळून त्यावरूनच चालू लागला. घसरला तो सरळ बसला. उरलेला दिवस भिंतीला पाठ लावून हिंडत होता. मी अपघातांच्या रजिस्टरमध्ये नोंद केली. क्रमांक बेचाळीस. जखमी: मॅनेजर. ठिकाण: सुरक्षित वाट. मुका मार: बसण्याच्या जागी.

तिथून बिनसलं.

हे रजिस्टर मी बावीस वर्षं लिहिते आहे. त्यात नऊ नंबरला आमच्या कापणीच्या मशीनवरचा कारागीर आहे. सगळे त्याला साडेनऊ म्हणतात, कारण बोटं तितकीच उरली आहेत. (हे नाव त्याने स्वतःच ठेवलं, म्हणून मी चालवून घेते.) त्या दिवशी हाताला रुमाल गुंडाळून तो माझ्यासमोर आला आणि घरी कांदा चिरताना कापलं म्हणाला. नोकरी जाईल ही भीती. मी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "अर्धं बोट जाईपर्यंत कांदाच चिरत होतास?"

"बाई, लिहू नका."

"लिहिणार."

लिहिलं, म्हणून त्या मशीनला जाळी बसली. त्यानंतर तिथे कोणाचं नखही गेलेलं नाही.

तर सोमवारी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून एक कोरं रजिस्टर पुढे सरकवलं. "बाई, आता हे वापरायचं. जुनं रद्दीत द्या. तपासणीत शून्य अपघात दिसले पाहिजेत."

"शून्य? मग जाळी काय शोभेला लावली आहे?"

"तुम्ही फार ताणता."

"आणि तुम्ही फार घसरता." (हे बोलायला नको होतं. पण बोलले, आणि बरं वाटलं.)

गुरुवारी तपासनिसाच्या टेबलावर नवं रजिस्टर दिसलं नाही, तर शुक्रवारपासून माझी बदली गोदामात, असं त्याने सुनावलं. गोदामात तर गोदामात. जुनं रजिस्टर मी भाजीच्या पिशवीत घालून घरी आणलं आहे आणि गुरुवारी स्वतः टेबलावर ठेवणार आहे. जे घडलं ते लिहायला मी कोणाच्या बापाला भीत नाही. तेव्हा तुझा सल्ला साभार परत.

तुझी,
धाकटी

ता. क. अक्षर पाहून भाऊजींना हसू नको म्हणावं. डाव्या हाताने लिहिते आहे. शनिवारी शेवटची पाटी लावताना चाकांच्या खुर्चीवर उभी राहिले. खुर्ची पुढे गेली, मी मागे राहिले. उजवं मनगट मोडलं. (पाटीवरचा मजकूर: उंचावर चढताना शिडीच वापरावी.) सगळे जेवायला गेले होते, कोणी पाहिलं नाही. घरी न्हाणीघरात पडले असं मी सांगितलं आहे. कारखान्यात तुझा नंबर दिलेला आहे. फोन आलाच तर तूही न्हाणीघरच सांग.

ता. क. २, बुधवार. न्हाणीघर सांगू नकोस. पत्र टाकायला निघाले, त्याआधी रजिस्टर सहज चाळलं आणि नऊ नंबरवर अडकले. कांद्यात आणि न्हाणीघरात काही फरक सापडेना. क्रमांक त्रेचाळीस लिहिला. जखमी: मी. कारण: शिडी दहा पावलांवर असताना खुर्ची. पडताना कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून निदान नोंदीचा साक्षीदार म्हणून सहीसाठी रजिस्टर साडेनऊपुढे धरलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "बाई, लिहू नका म्हणू का?" म्हणून बघ, म्हटलं. त्याने सही केली. हसत होता मेला.

ता. क. ३, गुरुवार. तपासनीस बाई आल्या. रजिस्टर पहिल्या पानापासून वाचलं, त्रेचाळीसवर थांबून माझ्या प्लास्टरकडे पाहिलं आणि शिडी दाखवा म्हणाल्या. शिडीपुढे पुठ्ठ्याचे गठ्ठे रचलेले होते. ते हलवून शिडीला कायमची जागा करा, महिन्याने परत येते, असं सांगून गेल्या. प्रमाणपत्र लांबलं. मी उद्यापासून गोदामात. तिथे अपघातांचं रजिस्टर नाही, ते सुरू करणार आहे. कोरं एक मॅनेजरने दिलेलंच आहे.

ये असं मी म्हणत नाही. पण एका हाताने वेणी घालता येत नाही, चार दिवस डोक्याला रुमाल बांधून कामावर जाते आहे. आलीसच तर बेल वाजवू नकोस, दार नुसतं ढकल. कडीही एका हाताने लागत नाही.